बुरशी आकार कधी आणि का बदलते? कॅन्डिडाला ताण देऊन स्वतः तपासायची पद्धत, पायरीपायरीने

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी ३० डिग्रीला वायपीडी ब्रॉथमध्ये (यीस्ट वाढवायचा नेहमीचा पातळ मीडिया) वाढवली की लंबगोल यीस्ट पेशी मिळतात, आणि त्याच पेशी ३७ डिग्रीच्या सीरमवाल्या मीडियात टाकल्या की तासाभरात बहुतेकींना बारीक नळी फुटलेली दिसते. हा प्रयोग मायक्रोबायोलॉजीच्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याने केलेला असतो आणि जर्नलमध्ये "ताणामुळे आकार बदलला" असं एक वाक्य लिहून विषय संपवलेला असतो. पण कुठल्या ताणामुळे? त्या एका ट्यूबमध्ये तापमान बदललं, सीरम आलं, पेशी दाट कल्चरमधून पातळ झाल्या, जुना मीडिया जाऊन ताजा आला, पीएचही थोडा हलला. एका झटक्यात पाच गोष्टी! यातली नेमकी कुठली काय करते हे वेगळं काढणं म्हणजेच खरा प्रयोग, आणि तो कसा करायचा तेच खाली लिहिलंय. बेसिक लॅब असेल, इनक्युबेटर, शेकर, सेंट्रिफ्यूज आणि बरा मायक्रोस्कोप असेल तर बहुतेक भाग जमतो.

आकाराला एवढं महत्त्व का, तर यीस्ट पेशी रक्तातून सहज पसरतात आणि हायफा, म्हणजे ती नळी वाढून झालेले लांब धागे, ऊतीत घुसतात. २०१६ मध्ये कॅन्डिडालायसिन नावाचं विष सापडलं, ते ईसीई१ या जीनच्या प्रोटीनमधून कापून निघतं आणि हा जीन मुख्यतः हायफामध्येच चालू असतो. त्याआधी १९९७ मध्ये दिसलं होतं की ईएफजी१ आणि सीपीएच१ हे दोन्ही जीन काढलेल्या पेशी नेहमीच्या कंडिशनमध्ये हायफा करत नाहीत आणि उंदरांना मारतही नाहीत. म्हणून लगेच "हायफा म्हणजे रोग" असं समीकरण मात्र मांडू नका, कारण कॅन्डिडा ऑरिस नेहमीच्या सीरम-३७ डिग्रीत हायफा करतच नाही म्हटलं तरी चालेल, तरी डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या यादीत ती अल्बिकन्ससोबत सगळ्यात वरच्या, क्रिटिकल गटात आहे.

आत काय चालतं, कामापुरतं

हे कळलं नाही तर पुढच्या कंट्रोल्सना अर्थ नाही, म्हणून थोडं वाचून घ्या.

यीस्ट रूपात एनआरजी१ नावाचा रिप्रेसर (जीन बंद ठेवणारं प्रोटीन), टीयूपी१ या दुसऱ्या प्रोटीनला सोबत घेऊन, हायफाच्या जीन्सवर बसलेला असतो. गाडीचा हँडब्रेकच समजा. बाहेरचे सिग्नल कितीही येऊ देत, तो निघाल्याशिवाय गाडी हलत नाही. निघायला दोन गोष्टी लागतात: ३७ डिग्रीला रास१, सीवायआर१, पीकेए, ईएफजी१ या प्रोटीन्सच्या साखळीतून एनआरजी१ जीनच बंद होतो, आणि दाट कल्चरमधून पेशी पातळ केल्या की फार्नेसॉल कमी होतं आणि आधीच तयार असलेलं एनआरजी१ प्रोटीन तुटतं. फार्नेसॉल म्हणजे कॅन्डिडा स्वतःच सोडते तो रेणू, गर्दी झाली की त्याचं प्रमाण वाढतं आणि हायफा दबतात. म्हणजे पातळ करणं ही नुसती सोय नाहीये, तो स्वतःच एक सिग्नल आहे, आणि नेमकी हीच गोष्ट प्रोटोकॉलमध्ये कोणी ठळक करून लिहीत नाही.

तापमान कळतं कसं? एचएसपी९० या शॅपरोनने (बाकीच्या प्रोटीन्सना सांभाळणाऱ्या प्रोटीनने) रास१-पीकेए साखळी दाबून धरलेली असते. उष्णता वाढली की त्याला बिघडलेली प्रोटीन्स सांभाळायचं काम लागतं आणि इकडची पकड सुटते. सीवायआर१ हा ॲडेनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी हा निरोपाचा रेणू बनवणारं एन्झाइम) तर अनेक सिग्नल थेट स्वतःवरच घेतो: कार्बन डायऑक्साइडपासून बनलेलं बायकार्बोनेट त्याला चालू करतं, सीरममधले बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे त्याला चिकटतात, फार्नेसॉल त्याला रोखतं. अल्कलाइन पीएचचा निरोप वेगळ्या रस्त्याने, रिम१०१ हे प्रोटीन कापून चालू करून येतो. मीठ किंवा ऑक्सिडेटिव्ह ताणाचा रस्ता हॉग१ या प्रोटीनचा, आणि तो हायफाला उलट आवरतो, हॉग१ काढलेले म्युटंट जरा काही झालं की फिलामेंट (लांबट धागे) काढत बसतात. तेव्हा "ताण दिला की हायफा" हे ढोबळ विधान चुकीचंच आहे, काही ताण पुढे ढकलतात आणि काही मागे ओढतात.

आधी सेफ्टी आणि स्ट्रेन

कॅन्डिडा अल्बिकन्स बायोसेफ्टी लेव्हल २ मध्ये येते. ग्लोव्हज, लॅब कोट, बायोसेफ्टी कॅबिनेट, आणि सगळा कचरा ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर. हिस्टोप्लाझ्मा, ब्लास्टोमायसिस, कॉक्सिडिओइड्स या दुसऱ्या रोगकारी बुरशांच्या मोल्ड (धाग्यांच्या रूपातल्या) प्लेट्सना मात्र हा लेख वाचून हातही लावू नका, त्यांचे बीजाणू हवेत उडतात, श्वासातून जातात, आणि ते काम लेव्हल ३ च्या लॅबचं आहे. त्यातल्या काहींबद्दल शेवटी लिहिलंय ते फक्त समजून घेण्यासाठी.

स्ट्रेन शक्यतो एससी५३१४ घ्या, सगळं जग त्याच्याशीच तुलना करतं. सोबत हायफा न करणारा ईएफजी१-सीपीएच१ डबल म्युटंट मिळाला तर उत्तमच. उणे ८० च्या ग्लिसरॉल स्टॉकमधून वायपीडी प्लेटवर स्ट्रीक करा, ३० डिग्रीला दोन दिवस, आणि ती प्लेट महिनोन्‌महिने फ्रिजमध्ये ठेवून पुन्हापुन्हा वापरू नका. या बुरशीत क्रोमोसोमची संख्या सहज वरखाली होते आणि मग तुमचा स्ट्रेन नावापुरताच तो राहतो.

पायरी १: सुरुवातीच्या पेशी खरोखर यीस्ट आहेत ना?

एक सिंगल कॉलनी ५ मिली वायपीडीत, ३० डिग्री, २०० आरपीएम, १४ ते १६ तास. सकाळी काहीही करायच्या आधी एक थेंब स्लाइडवर घ्या आणि बघा. सगळ्या पेशी लंबगोल, सुट्या, थोड्यांना कळी, असं दिसलं तर पुढे जा. आधीच लांबट साखळ्या दिसल्या तर ते कल्चर टाकून द्या, त्याच्यावर पुढचे आकडे काढून काही उपयोग नाही. ही दोन मिनिटांची तपासणी लोक सर्रास गाळतात.

पायरी २: धुणं आणि मोजणं

सेंट्रिफ्यूज करा, पीबीएसने (मिठाचं बफर द्रावण) दोनदा धुवा. धुण्याचा उद्देश जुना मीडिया आणि त्यातलं फार्नेसॉल घालवणं हा आहे, त्यामुळे वरचं पाणी नीट काढा. मग हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकटीवाली काच) मोजा. कळी आईच्या निम्म्यापेक्षा छोटी असेल तर एक पेशी धरा, मोठी असेल तर दोन, नियम कुठलाही ठेवा पण सगळ्या सॅम्पलला तोच.

शेवटची डेन्सिटी दर मिलीला १० लाखाच्या आसपास ठेवा. रात्रभराच्या कल्चरमध्ये साधारण १० ते ३० कोटी पेशी असतात म्हणून शंभर ते तीनशे पट पातळ करावं लागतं. १ कोटीच्या वर गेलात तर हायफाचं प्रमाण घसरतं, आणि "माझा स्ट्रेन हायफा करत नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच निघते. नुसता ओडी (कल्चरचा गढूळपणा) बघून अंदाज करत असाल तर एकदा तरी स्वतःच्या मशीनवर ओडी आणि खरी संख्या यांचा ताळा लावून ठेवा.

पायरी ३: मीडिया आधी गरम करा

साधी गोष्ट, पण अख्खा टाइम कोर्स हिच्यावर उभा आहे. फ्रिजमधून काढलेल्या मीडियात पेशी टाकून ट्यूब इनक्युबेटरमध्ये ठेवली तर आतलं पाणी ३७ ला यायला वेळ लागतो आणि तुमचा "शून्य मिनिट" खोटा ठरतो. वॉटर बाथमध्ये आधी ठेवा, थर्मामीटर ट्यूबमधल्या पाण्यात घालून बघा, डिस्प्लेवर भरवसा नको.

पायरी ४: सिग्नल वेगळे काढा

पहिला सेट चार ट्यूबचा: ३० डिग्री नुसतं वायपीडी, ३० डिग्री आणि १० टक्के सीरम, ३७ डिग्री नुसतं वायपीडी, ३७ डिग्री आणि १० टक्के सीरम. चारही ट्यूबमध्ये एकाच धुतलेल्या स्टॉकमधून पेशी टाकायच्या. यात एक गंमत बघायला मिळते, नुसत्या ३७ डिग्रीत ताज्या मीडियात काही पेशी नळी काढायला सुरुवात करतात पण नंतर परत यीस्टसारख्या कळ्या द्यायला लागतात, कारण हँडब्रेक निघाला तरी पुढे चालू ठेवणारा सिग्नल नाही. सीरम असलं की बीआरजी१ आणि मग यूएमई६ सारखे जीन ते रूप टिकवून धरतात. तेव्हा फक्त एका तासाचा फोटो घेणाऱ्याला आणि फक्त तीन तासांचा घेणाऱ्याला वेगवेगळी उत्तरं मिळणार, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असणार.

पाचवी ट्यूबही ठेवा, माझ्या मते सगळ्यात शिकवणारी तीच: ३७ डिग्री, १० टक्के सीरम, पण पेशी न धुता आणि दहापट जास्त. तिचा आकडा चौथ्या ट्यूबच्या शेजारी ठेवून बघा.

दुसरा सेट पीएचचा. मीडियम १९९ घ्या, एक पीएच ४ ला, एक ८ ला, दोन्ही ३७ डिग्रीला. बफर घालणं सक्तीचं, कारण कॅन्डिडा स्वतःच आजूबाजूचा पीएच बदलते, ग्लुकोज असेल तर आम्ल करते आणि अमिनो ॲसिडवर जगायची वेळ आली तर अमोनिया सोडून अल्कलाइन करते. मॅक्रोफेजने (जंतू गिळणारी शरीराची संरक्षक पेशी) गिळल्यावर आतून हायफा काढून ती बाहेर पडते त्यातही या अमोनियाचा हात आहे असं मानतात. ८ च्या बाजूला हेपीस चालतो, पण ४ ला हेपीस जवळजवळ निकामी आहे, तिथे टार्ट्रेटसारखा बफर लागतो. आता दोन ट्यूबमध्ये दोन वेगळे बफर झाले ना, मग बफरचा स्वतःचा काही परिणाम नाही हे दाखवायला आणखी एक कंट्रोल आलाच. प्रयोग संपल्यावरही पीएच मोजून लिहा, सुरुवातीचा आकडा एकटा काही सांगत नाही.

तिसरा कार्बन डायऑक्साइडचा, आणि इथे लोक हमखास फसतात. बायकार्बोनेटवाला आरपीएमआय मीडिया ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये नीट राहतो, पण तोच साध्या इनक्युबेटरमध्ये ठेवला की गॅस उडून जातो, पीएच चढतो, मीडिया गुलाबी-जांभळा दिसायला लागतो. मग साध्या हवेत हायफा जास्त दिसल्या तर तो पीएचचा परिणाम की गॅसचा, सांगणार कोण? मॉप्स बफरने पीएच ७ ला बांधलेला आरपीएमआय दोन्हीकडे वापरा, म्हणजे तुलना नीट होते.

उपासमारीसाठी स्पायडर मीडिया प्लेटवर वापरतात, त्यात ग्लुकोजऐवजी मॅनिटॉल असतं. ग्लुकोजऐवजी एन-ॲसिटिलग्लुकोसामीन दिलं तरी ३७ ला छान हायफा येतात आणि त्यात सीरमसारखी, लॉट बदलला की निकाल बदलायची भानगड नाही.

फार्नेसॉल घालून बघायचं असेल तर हा एन-ॲसिटिलग्लुकोसामीनचा मीडियाच वापरा, सीरममध्ये ते अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि परिणाम फिका पडतो. शून्य मिनिटालाच घाला, कारण एकदा नळी निघाली की फार्नेसॉल तिला फारसं थांबवत नाही. आणि ज्या मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये विरघळवलंय ते तेवढंच दुसऱ्या ट्यूबमध्ये एकटं घाला.

पायरी ५: वेळ आणि फिक्सिंग

०, ३०, ६०, ९०, १२० आणि १८० मिनिटांना सॅम्पल काढा. प्रत्येक सॅम्पल लगेच फॉर्मल्डिहाइडमध्ये, शेवटचं प्रमाण साधारण ४ टक्के, आणि हे फ्यूम हूडमध्येच. तीन तासांच्या पुढे हायफा एकमेकींत गुंततात, गोळे होतात आणि मोजणं अशक्य होऊन बसतं, त्यामुळे उगाच रात्रभर ठेवू नका. ट्यूबच्या भिंतीला पण चिकटतात, सॅम्पल काढायच्या आधी हळू उलटीपालटी करा. जोरात व्हॉर्टेक्स नको, लांब फिलामेंट तुटतात.

पायरी ६: बघायचं काय

इथे घाई करू नका, सगळा निकाल इथेच ठरतो.

लांब दिसलं म्हणून हायफा होत नाही. खऱ्या हायफाच्या बाजू समांतर असतात, रुंदी सगळीकडे साधारण २ मायक्रॉन, आणि नळी जिथून निघते त्या मानेपाशी आत दबलेलं नसतं. पहिला पडदा (पेशींमधली आडवी भिंत) मानेवर नसतो, नळीत थोडा पुढे असतो. स्यूडोहायफामध्ये (एकमेकींना चिकटून राहिलेल्या लांबट पेशींची साखळी) प्रत्येक जोडावर आवळल्यासारखं दिसतं, पडदा बरोबर मानेवर, मधला भाग फुगीर, रुंदी २.८ मायक्रॉन किंवा त्याहून जास्त. पडदे बघायला कॅल्कोफ्लोर व्हाइट लावा, ते कायटिनला धरतं आणि यूव्हीखाली पडदा चमकतो. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नसेल तर फेज कॉन्ट्रास्टमध्ये मानेकडे बघून बऱ्यापैकी ठरवता येतं. दवाखान्यातल्या जर्म ट्यूब टेस्टचा नियमही हाच, सीरममध्ये ३७ ला दोन ते तीन तास आणि मानेला आवळ नको. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिसही ही टेस्ट पॉझिटिव्ह देते, आणि कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस जास्त वेळ ठेवली तर स्यूडोहायफा काढून फसवते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने डीएनए बनणं अडवलं तर पेशी कळी देते पण विभागणी पूर्ण करू शकत नाही, आणि ती कळी तशीच लांबत जाते. दिसायला फिलामेंट, पण हा हायफाचा प्रोग्राम नाही, नुसती अडकलेली पेशी आहे. नवीन रसायन किंवा औषध "हायफा वाढवतं" असा निष्कर्ष काढायच्या आधी डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या रंगाने न्यूक्लियस बघा आणि पेशी वाढतायत का हेही बघा. उलट बाजूनेही तेच, एखादं रसायन "हायफा थांबवतं" म्हणता पण ते वाढच थांबवत असेल तर त्यात काय नवल? दोन्ही वेळा यीस्ट कंडिशनमधला ग्रोथ कर्व्ह सोबत हवाच.

दर सॅम्पलला किमान २०० पेशी मोजा, यीस्ट, स्यूडो, खरी हायफा आणि "सांगता येत नाही" अशा चार खान्यांत. ट्यूबवरची नावं झाकून दुसऱ्याकडून नंबर टाकून घ्या, म्हणजे तुमचं मन आकड्यात घुसणार नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कॉलनीपासून निदान तीनदा करा, एकाच दिवशीच्या तीन ट्यूब म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

पायरी ७: प्लेटवर

स्पायडर किंवा १० टक्के सीरम आगार, ३७ डिग्री, पाच ते सात दिवस. प्लेटवर कॉलन्या ५० च्या आसपास ठेवा, गर्दी झाली की सुरकुत्या येत नाहीत. सुरकुत्या दिसल्या म्हणजे आत हायफाच आहेत असं नाही, कॉलनीचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघा, आणि वाहत्या पाण्याखाली कॉलनी धुऊन आगारात काय घुसून राहिलंय तेही बघा (ते पाणी गोळा करून निर्जंतुक करायचं, सिंकमध्ये नाही सोडायचं).

जमलं तर पेशी आगारात पुरून २५ डिग्रीला पण ठेवा. इथे सगळं उलटंच होतं, ईएफजी१ नसलेला म्युटंट ३७ च्या सीरममध्ये गप्प असतो, तोच पुरलेल्या आगारात जंगली (जीन न काढलेल्या मूळ) स्ट्रेनपेक्षा जास्त फिलामेंट काढतो. म्हणजे एकच प्रोटीन एका जागी हायफा चालू करतं आणि दुसऱ्या जागी आवरतं. "ईएफजी१ हा हायफाचा जीन आहे" असं बिनधास्त म्हणणाऱ्याला ही प्लेट दाखवावी.

पायरी ८: जीन बघायचे असतील तर

एचडब्ल्यूपी१, ईसीई१, एचजीसी१ आणि यूएमई६ हे क्यूपीसीआरला (जीन किती चालू आहे ते मोजणारी पद्धत) नेहमीचे. सॅम्पल ३० आणि ६० मिनिटांचे घ्या, पेशी पटकन फिल्टर करून लगेच गोठवा, कारण सेंट्रिफ्यूज थंड-गरम करताना सिग्नल बदलतो. हायफाची भिंत चिवट, आरएनए काढायला काचेच्या मण्यांनी फोडावं लागतं. रेफरन्स जीन एकच धरू नका. आणि जीन वर गेला म्हणून आकारावर निकाल देऊ नका, एचजीसी१ काढलेल्या पेशींमध्ये हायफाचे बाकीचे जीन चालू होतात पण हायफा बनतच नाहीत. मायक्रोस्कोपचा आकडा आधी, क्यूपीसीआर नंतर.

बाकीच्या बुरशांचं काय?

कॅन्डिडावरून दुसऱ्यांचा अंदाज बांधू नका. हिस्टोप्लाझ्मा, ब्लास्टोमायसिस, पॅराकॉक्सिडिओइड्स, टॅलॅरोमायसिस मार्नेफी यांचं बरोबर उलटं आहे, बाहेर २५ डिग्रीला मोल्ड आणि शरीराच्या ३७ ला यीस्ट, आणि रोग करणारं रूप यीस्टचं. तिथे डीआरके१ हा हिस्टिडीन कायनेज लागतो, हे २००६ मध्ये ब्लास्टोमायसिस आणि हिस्टोप्लाझ्मात दाखवलं गेलं, तो दाबला की ३७ लाही मोल्डच राहतो. हिस्टोप्लाझ्मात आरवायपी१ हा यीस्ट रूपाचा मुख्य जीन, आणि तो अल्बिकन्सच्या डब्ल्यूओआर१ चा नातेवाईक निघाला, जो तिथे पांढऱ्या आणि ओपेक या पेशींच्या दोन रूपांमधला बदल चालवतो. पॅराकॉक्सिडिओइड्समध्ये तर स्त्रियांचं एस्ट्रॅडिऑल मोल्डचं यीस्ट होणंच रोखतं, आणि हा रोग प्रौढ पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो त्यामागचं ते एक मोठं कारण समजलं जातं. क्रिप्टोकॉकस यातलं काहीच करत नाही, फुफ्फुसात गेल्यावर काही पेशी नुसत्या फुगतात, १० मायक्रॉनच्या वर जातात, त्यांना टायटन सेल म्हणतात, आणि एवढी मोठी पेशी गिळणं मॅक्रोफेजला जमत नाही. या रूपांतरांना तास नाही तर बऱ्याचदा दिवस लागतात, त्यामुळे वरचा तीन तासांचा टाइम कोर्स त्यांना लागूच होत नाही.

वहीत काय लिहायचं: स्ट्रेन आणि स्टॉकची तारीख, सीरमचा लॉट नंबर आणि ते हीट-इनॅक्टिव्हेट केलं होतं का, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, मोजून आलेली डेन्सिटी, ट्यूबमधलं प्रत्यक्ष तापमान, शेकरचा वेग, हवा की कार्बन डायऑक्साइड, आणि मोजलेल्या पेशींची कच्ची संख्या, नुसते टक्के नको. सीरमचा लॉट बदलला की पहिला चार ट्यूबचा सेट परत लावा आणि जुन्या आकड्यांशी जुळतो का बघा, नाही जुळला तर नव्या लॉटचे आकडे जुन्या ग्राफवर चढवू नका.